पाठ दिसली की थांबायचं

या, जवळ या. भिंतीला टेकलेल्यांनी जरा पुढे सरकावं, दाराशी घुटमळणाऱ्यांनी आत यावं. कुणाच्या मांडीवर लेकरू झोपलं असेल तर झोपू द्यावं. आजची गोष्ट आहे एका बाईची. तिच्यासमोर गाडीचं स्टिअरिंग होतं, पण त्यावर तिचा हात नव्हता. तरी माणूस पडला तेव्हा सगळ्यांची बोटं वळली ती तिच्याकडेच. रडकी गोष्ट असेल म्हणून आत्तापासून डोळे पुसू नका. शेवटी ऊर भरून येईल, हा शब्द आधीच देऊन ठेवलेला बरा.

ही बाई आपोआप चालणाऱ्या गाड्यांच्या कंपनीत कामाला होती. गाडी स्वतः वळायची, स्वतः थांबायची, सिग्नल ओळखायची. लोक तिला बिनहाती म्हणत. पण कायद्याने सांगितलं होतं की चालकाच्या जागी एक जितंजागतं माणूस बसलंच पाहिजे, वेळ आली तर ब्रेक दाबायला. मऊ खुर्चीत बसायचं, हात मांडीवर ठेवायचे, कशाला शिवायचं नाही. दुसऱ्याच्या घरी गेल्यासारखीच नोकरी. म्हणून शेडमधल्या मंडळींनी तिचं नाव ठेवलं पाहुणी, आणि ते नाव तिच्या मागोमाग घरापर्यंत आलं.

"दिवसभर बसून येतेस आणि वर दमले म्हणतेस," सासूबाई म्हणायच्या.

"बसूनच दमते हो आई. हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं म्हणजे काय, ते एकदा करून बघा."

"मला कोण देतंय तसली नोकरी?" असं म्हणून सासूबाई भाजीची परडी तिच्यापुढे सरकवायच्या. "घे. हातांना तेवढाच विरंगुळा."

नवरा बोटीवर कामाला, निम्मं वर्ष पाण्यावर. घरात या दोघी आणि एक नणंद. नणंद नुकतीच वकील झाली होती, त्यामुळे दूध कुणी उतू घालवलं याचासुद्धा ती पुरावा मागायची.

शेडमध्ये एक रीत होती, ती नीट लक्षात ठेवा, कारण गोष्टीचं मूळ तिथे आहे. दाराशी एक मोठा फळा होता. गरज नसताना ज्याने ब्रेक दाबला, त्याच्या नावापुढे लाल ठिपका. 'ठिपके कुणी मोजत नाही हं,' असं वरचे साहेब हसून सांगायचे, आणि येता-जाता सगळे तेच मोजायचे. एकदा वाऱ्याने उडालेल्या पिशवीला माणूस समजून पाहुणीने ब्रेक दाबला होता. पुढे कितीतरी दिवस, "काय पाहुणी, पिशवीची तब्येत काय म्हणते?" अशी विचारपूस चालली होती. तीही हसायची. पण हसणाऱ्याला लागत नाही असं थोडंच आहे?

दुसरी गोष्ट बाणाची. गाडीत समोर एक पडदा होता. रस्त्यावरचं प्रत्येक माणूस त्यावर बाहुलीएवढं दिसायचं आणि त्याच्या पायाशी हिरवा बाण. बाण ज्या बाजूला, त्या बाजूला हा माणूस आता पाऊल टाकणार, हा गाडीचा अंदाज. कामावर घेताना शिकवणाऱ्याने बजावलं होतं, "डोळे फसतात. बाण फसत नाही."

आता चला दोरगल्लीत. एका बाजूला जुनी गोदामं, दुसऱ्या बाजूला दोरवाल्यांची घरं, आणि मधे सरळसोट लांब गल्ली. दोर वळायला लांबी लागते, म्हणून हा धंदा उघड्यावरच चालायचा. त्यांतलंच एक जोडपं म्हणजे आपले काका-काकू. एका टोकाला काकू चाक फिरवायच्या. चाकाच्या आकड्याला धागा अडकवलेला. काका कमरेला तागाचा पुंजका गुंडाळून, चिमटीतून ताग सोडत सोडत मागे मागे चालायचे. तोंड काकूंकडे, पाठ जगाकडे. "सगळं आयुष्य हिच्याकडे बघत मागे सरकतोय," काका म्हणायचे. "नजर काढली की धागा तुटतो." त्यावर काकू चाक न थांबवता म्हणायच्या, "धागा तुटेल म्हणून बघतात. माझं तोंड बघायला नव्हे."

गल्लीच्या मध्यावर एक आडवा रस्ता तिला छेदून जायचा. तिथे ना सिग्नल होता, ना पाटी. पण त्या भागातला प्रत्येक गाडीवाला, सायकलवाला, दूधवाला एक नियम पाळायचा. दोरवाल्याची पाठ दिसली की थांबायचं. पाठ दिसली म्हणजे माणूस आपल्याकडे येतोय. दोर ओलांडून जाऊ द्यायचा, मग आपण निघायचं. हा नियम कुणी लिहिला नव्हता. बाप लेकाला गाडी शिकवताना सांगायचा, तसाच तो चालत आला होता.

त्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. काका कोपऱ्याजवळ आले आणि थांबले, कारण तागात गुंता झाला होता. ते मान खाली घालून तो सोडवू लागले. आडव्या रस्त्यावरून बिनहाती येत होती, आत पाहुणी. पडद्यावर बाहुली दिसली. बाण हिरवा, ठसठशीत, गल्लीच्या आत रोखलेला. माणूस लांब चाललाय. गाडी वेग न कमी करता पुढे निघाली. काकांचा गुंता सुटला आणि त्यांनी पाऊल टाकलं, नेहमीसारखं, मागे.

धडक लागली तेव्हा आवाज फार मोठा झाला नाही. काकूंच्या हातातलं चाक मात्र एकदम हलकं झालं. धागा तुटला होता. हातातल्या चाकानेच त्यांना काय झालं ते आधी सांगितलं.

काका वाचले, देवाची कृपा. मांडीचं हाड मोडलं. पायात सळई घातली, वर प्लास्टर केलं.

आणि मग सुरू झालं हात झटकणं. गाडी बनवणारे म्हणाले, आम्ही माणूस बसवलं होतं, तिने थांबवायला हवं होतं. पोलीस म्हणाले, गाडीत एकच माणूस होतं, म्हणजे चालक तीच. नगरपालिका म्हणाली, सार्वजनिक रस्त्यावर न बघता उलटं चालायचं म्हणजे काय? ही दोरवळणीच गल्लीतून बंद करायला हवी. सगळ्यांचं बोलणं ऐकलं तर वाटावं, ती गाडी आकाशातून पडली आणि आपणहून चालू लागली.

कंपनीचे वकील पाहुणीच्या घरी आले. माणूस सभ्य होता, चहा पिताना आवाजही केला नाही. त्यांनी एक तयार जबाब पुढे ठेवला. इसम पाठमोरा असून न बघता अचानक रस्त्यात आला, सबब अपघात टाळणे कुणालाही शक्य नव्हते.

"एवढी सही करा," ते म्हणाले. "तुम्ही सुटलात, आम्ही सुटलो."

"आणि काका?"

"त्यांच्यावर कोण कशाला खटला भरतंय? फार तर ती गल्ली बंद होईल. तसाही जुनाट धंदा आहे."

"आणि सही नाही केली तर?"

वकिलांनी कप बशीत ठेवला. "मग प्रश्न उरतो की ब्रेक का दाबला नाही. लायसन्स जाईल, कदाचित तुरुंगही. विचार करा, ताई."

विचार करायला ती गेली ती थेट काकांच्या खाटेपाशी. काका टांगलेल्या पायाकडे बघत पडले होते.

"ये ग. बस. तुला बसायची सवय आहे म्हणतात."

ती हसली नाही. "काका, राग नाही आला माझा?"

"आला होता. पण पडल्या पडल्या किती वेळ रागवायचं, कंटाळा येतो." मग जरा थांबून म्हणाले, "पायाचं काय, तो जुळेल. गल्ली गेली तर मात्र मी सरळ चालून करू काय? मला ते येतच नाही."

घरी आल्यावर ती नणंदेला माजघरात घेऊन गेली आणि दार लोटलं.

"वन्सं, एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाहीये. काका मला दिसले होते. पडद्यावर नव्हे, समोर, काचेतून. पाठ दिसली, हातातला ताग दिसला. या भागात वाढलेय मी, पाठ दिसली की थांबायचं हे काय मला माहीत नाही? माझा पाय ब्रेकवर गेला होता. मग बाण बघितला. बाण म्हणाला, लांब चाललाय. फळा आठवला, पिशवी आठवली. आणि पाय मी मागे घेतला."

नणंद पुरावा मागायचंही विसरली.

"वहिनी, हे कोर्टात बोललीस तर त्यांचं काम सोपं होईल. दिसलं होतं, तरी दाबला नाही, एवढंच ते उचलून धरतील."

"धरू देत. पण मी गप्प बसले तर दोष काकांच्या पाठीवर जाणार. ती पाठ मी बघितलीय."

लोटलेल्या दारामागून सासूबाईंचा आवाज आला. "सही करू नकोस म्हणावं तिला. आणि दार लोटून बोलायला मी काय परकी आहे?"

चौकशी सुरू झाली. न्यायाधीश निवृत्तीला आलेले, अंगाने भरलेले, गुडघ्याने अधू. ऐकताना डोळे मिटायची त्यांना सवय होती, त्यामुळे नवख्या वकिलांना वाटायचं साहेब झोपले. पाहुणी उभी राहिली आणि माजघरात जे बोलली होती ते सगळं बोलली. पाय ब्रेकवर गेला होता, पाय मागे घेतला. एक शब्द गाळला नाही.

कंपनीचे वकील ताडकन उठले. "साहेब, कबुलीच आहे ही. तिला दिसलं होतं, तिला कळलं होतं, तरी तिने थांबवलं नाही. आता आणखी काय तपासायचं?"

न्यायाधीशांनी डोळे उघडले. "बसा हो. ती काय म्हणाली ते तुम्ही अर्धंच ऐकलंत." मग पाहुणीकडे वळून, "बाण कुठल्या बाजूला होता म्हणालात?"

"गल्लीच्या आत, साहेब. काकूंकडे."

"आणि गृहस्थ गेले कुठे?"

"उलट बाजूला."

कोर्टात कुजबुज झाली. गाडीला अंदाज बांधायला शिकवणारा इंजिनीअर मागे बसला होता, त्याला बोलावलं. पडद्यावरचं चित्र गाडी साठवून ठेवत नाही, असं तो म्हणाला. पण बाण साफ उलटा जाईल असं वाटत नाही, लाखो माणसं दाखवून शिकवलंय. सांगताना तो प्रामाणिक होता, हे त्याच्या चेहऱ्यावरून कुणालाही कळलं असतं. पाहुणीची वकील म्हणून नणंद उठली. आवाज जरा कापरा होता, पण शब्द नीट होते. "साहेब, मग गाडी तिथे नेऊन उभी करू. आपण स्थळपाहणी करावी, एवढीच विनंती."

"करू या," न्यायाधीश म्हणाले. "मलाही इथे बसून बसून कंटाळा आलाय."

ठरल्या दिवशी अख्खी दोरगल्ली खिडक्यांत आणि पायऱ्यांवर. आडव्या रस्त्यावर बिनहाती उभी केली, चाकांना ठोकळे लावले, नुसते डोळे आणि पडदा चालू ठेवला. काका खुर्चीत, प्लास्टरचा पाय स्टुलावर. काकू चाकाशी. कोपऱ्यावर ताग धरून कोण उभं राहणार यावर चर्चा चालली, तेव्हा न्यायाधीशांनी काठी कारकुनाच्या हातात दिली.

"मीच राहतो. नंतर कुणी म्हणायला नको की साक्षीदार फितवला."

कमरेला ताग गुंडाळलेले न्यायाधीश बघून गल्लीने ओठ दाबून धरले. काका बसल्या जागेवरून सांगत होते, "साहेब, चिमूट सैल. आणखी सैल. लोणी धरल्यासारखी." काकू चाक फिरवता फिरवता ओरडल्या, "तोडाल हो, ओढू नका. यांचा पहिला धागा असाच तुटला होता."

न्यायाधीश कोपऱ्याशी येऊन थांबले. "बघा आता पडद्यात. मी कुठे निघालो?"

पडद्याभोवती वकील, इंजिनीअर, कारकून, पाहुणी. बाहुली ठळक दिसत होती, पायाशी हिरवा बाण. इंजिनीअरने घसा साफ केला. "गल्लीत आत, साहेब. काकूंकडे."

"आणि मी निघालो असा," असं म्हणून न्यायाधीशांनी एक पाऊल मागे टाकलं, मग दुसरं, आणि आडव्या रस्त्याच्या मधोमध, गाडीच्या नाकासमोर जाऊन उभे राहिले.

कंपनीचे वकील म्हणाले, "साहेबांच्या काळ्या झग्यामुळे गाडी गोंधळली असेल."

"बरोबर आहे. तुम्ही झगा काढून या. ताग तुमच्या कमरेला बांधू."

वकिलांनी इकडे तिकडे बघितलं. सुटकेची वाट नव्हती. त्यांच्या शर्टावर काकूंनी स्वतः ताग गुंडाळला, "पोट आत घ्या," म्हणाल्या. वकील कोपऱ्यावर थांबले. बाण गल्लीत. वकील मागे सरकले. बाण अजूनही गल्लीतच, आणि तो वळला तेव्हा वकील रस्त्यात पोचलेले. आता गल्लीने ओठ दाबणं सोडून दिलं. असा हशा उठला की गोदामाच्या छपरावरची कबुतरं उडाली, आणि खरं सांगायचं तर वकीलही हसले. शेवटी माणूसच ना.

इंजिनीअर मात्र हसत नव्हता. तो पडद्याशी वाकून उभा होता. मग तो सरळ झाला आणि कुणी विचारायच्या आधीच बोलला. "साहेब, आम्ही गाडीला चालणारी माणसं दाखवली. धावणारी दाखवली, लंगडणारी दाखवली. थांबलेला माणूस तोंड असेल तिकडेच जाणार, असं तिने धरलं. मागे चालणारा माणूस आम्हाला सुचलाच नाही. ही चूक गाडीतल्या बाईंची नाही. आमची आहे."

कंपनीच्या वकिलांनी त्याची बाही ओढली, पण शब्द तोंडातून गेले होते आणि कारकुनाने टिपूनही घेतले होते. पाहुणीने त्याच्याकडे बघितलं. एक माणूस खरं बोलला की शेजारच्याची जीभही मोकळी होते, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि तिने मनातल्या मनात देवाला हात जोडले.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी डोळे मिटले नाहीत.

"कर्ता कोण, एवढाच प्रश्न आहे," ते म्हणाले. "ज्याने गाडीला डोळे दिले, त्याने त्या डोळ्यांना काय दिसत नाही याचाही भार उचलायचा. पाहुण्याला खुर्चीत बसवायचं, कशाला हात लावू नकोस म्हणून बजावायचं, हात लावला तर फळ्यावर लाल ठिपका द्यायचा, आणि घराला आग लागली की पाहुण्याला धरायचं, हे या कोर्टात चालणार नाही. अपघाताची जबाबदारी कंपनीची. जखमी गृहस्थांचा सगळा भार कंपनीने उचलावा. तो फळा उतरवावा. आणि दोर वळणाऱ्याने आपल्या गल्लीत आपल्या रीतीने चालणं हा गुन्हा नव्हे. गल्ली आधीपासून आहे, गाडी नंतर आली. शिकायचं ते गाडीने."

मग ते पाहुणीकडे वळले. "बाई, तुमचा वाटा किती, ते तुम्ही स्वतःच सांगितलंत. कुणी विचारलं नव्हतं. त्याच्यावर मला काही चढवायचं नाही. लायसन्स तुमच्याकडेच राहील. फक्त यापुढे पाय मागे घेऊ नका."

"नाही घेणार, साहेब," ती म्हणाली.

बाहेर पायऱ्यांवर सासूबाई वाट बघत होत्या. निकाल कळल्यावर त्यांनी सुनेला मिठी मारली नाही, तसा त्यांचा स्वभावच नव्हता. तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि स्वतः उचलली. "चल. आज तू नुसती बस. पाहुणी आहेस ना." ज्याला घर माहीत आहे, त्याला यात किती माया आहे ते सांगायला नको.

पुढे जे झालं ते बघायला तुम्ही असायला हवं होतं. गाडीला शिकवायचं तर मागे चालणारी माणसं दाखवायला हवीत, आणि ती तर दोरगल्लीत हवी तेवढी. इंजिनीअर रोज गाडी घेऊन यायचा. अख्खी गल्ली तिच्यासमोरून मागे मागे चालायची, दोर घेऊन आणि दोराविना, थांबत, वळत, गप्पा मारत. नणंद फायली कवटाळून मागे चालली. सासूबाई भाजीची परडी घेऊन मागे चालल्या, आणि मधेच थांबून त्यांनी गाडीला दटावलं, "बघ नीट, मेले." लग्नाच्या वरातीतही नसतो इतक्या उत्साहाने ती पाठमोरी मिरवणूक रोज निघायची. बाण आधी अडखळला, मग लटपटला, आणि एका सकाळी काकूंच्या भावजयीची पाठ बघून तो झरकन योग्य बाजूला वळला, तेव्हा इंजिनीअरने टोपी हवेत उडवली आणि ती गोदामाच्या पन्हाळीत जाऊन अडकली. अजून तिथेच आहे.

शेवटी काकांचं प्लास्टर निघालं. काठीशिवाय पहिल्यांदा ते गल्लीत उभे राहिले, कमरेला ताग बांधला, काकूंनी चाक फिरवलं. आडव्या रस्त्यावरून बिनहाती आली, आत पाहुणी. काका कोपऱ्यावर आले आणि थांबले. या वेळी गुंता झाला नव्हता. मुद्दाम थांबले होते. मग त्यांनी पाऊल टाकलं, मागे.

गाडी थांबली. आपणहून, अलगद, पुरेसं अंतर ठेवून. काकांनी मागे वळून बघितलं नाही, कारण नजर काढली असती तर धागा तुटला असता. दोर रस्ता ओलांडून गेला, लांब, सलग, एकही गाठ नसलेला. खिडक्यांतून टाळ्या पडल्या. काकूंनी एका हाताने चाक फिरवत दुसऱ्याने डोळे पुसले, आणि कुणी विचारलं तर तागाची कुसळं गेली म्हणून सांगितलं.

पण एक गोष्ट टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणालाच दिसली नाही, ती तुम्हाला सांगतो. गाडीचा बाण वळायच्या आधी, गाडी थांबायच्याही आधी, पाहुणीचा पाय ब्रेकवर होता. पाठ दिसली तेव्हाच गेला होता. मागे आला नाही.

म्हणून एवढं मागणं आहे. आता उठाल, घराकडे निघाल, रस्ता ओलांडाल. पाठीमागून येणारी एखादी गाडी तुमच्यासाठी गुमान थांबली, तर तिच्यात कुणी बसलेलं असो वा नसो, क्षणभर त्या पाहुणीची आठवण काढा. देव तिला सुखात ठेवो.